एक रविवार, दोन कार्यं आणि क्लबची ताटं

क्लबची सभासद मी झाले ती एका ओल्या उशीमुळे.

विश्रांतवाडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं की ते खालच्या गॅलरीत ठिबकतं, हे मला ठाऊक नव्हतं. एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात भिजलेली उशी होती. खडकीच्या कारखान्यात त्या मालाची तपासणी करायच्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या, हे मला नंतर समजलं. नजर मात्र तेव्हाच समजली. त्यांनी माझ्या हॉलमधली न उघडलेली खोकी पाहिली, सोफ्यावर पडलेला लॅपटॉप पाहिला, कालच्या पार्सलचा डबा पाहिला, आणि उशीबद्दल चकार शब्द न काढता विचारलं,

"आपण एकट्याच राहता का?"

"हो."

"गुरुवारी संध्याकाळी काय करता?"

"काही नाही. म्हणजे, ऑफिसचे कॉल असतात कधीकधी."

"सात वाजता या. कोपऱ्यावरच्या शाळेत चित्रकलेचा हॉल आहे, तिथे. उशी वाळेल."

मी मूळची अमरावतीची. नोकरी आयटीतली, काम बरंचसं घरूनच. पुण्यात ओळखीची माणसं म्हणजे स्क्रीनवरचे चौकोन. गुरुवारी मी गेले ती निव्वळ त्या उशीच्या धाकाने.

हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बहुतेक सगळे निवृत्त. भिंतींवर रंगीत खडूंनी काढलेले हत्ती आणि सूर्य. माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईच क्लबच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांना सगळे नुसतंच 'बाई' म्हणत. सात वाजले, बाई उभ्या राहिल्या, सभा सुरू. उशिरा येणाऱ्याने सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं, असा दंड होता. आमचे दाताचे डॉक्टर दर गुरुवारी उशिरा यायचे. मला पहिले दोन-तीन आठवडे वाटलं, बिचाऱ्यांना दवाखान्यातून निघता येत नसेल. मग एकदा मी त्यांना जिन्यात उभं राहून घसा साफ करताना पाहिलं.

सभेचा क्रम ठरलेला. आधी मागच्या आठवड्यात काय काम केलं ते सांगायचं, कोणाच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं, कोणत्या शाळेत झाडांना आळी केली. मग पाहुणा वक्ता. शेवटी चहा, आणि गुरुवार म्हणून साबुदाण्याची खिचडी. वक्ते तऱ्हेतऱ्हेचे. एकदा एक सर्पमित्र आले आणि त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, तर अख्ख्या सभेने पाय बाकावर घेतले. पिशवीत त्यांचा जेवणाचा डबा होता.

असेच एका गुरुवारी प्लॅस्टिकच्या कचऱ्यावर बोलायला एक तरुण मुलगी आली. फार तळमळीने बोलली. नदीकाठी काय काय सापडतं त्याचे फोटो दाखवले. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि खिचडी आली ती थर्माकोलच्या ताटल्यांतून. ती मुलगी ताटलीकडे पाहत राहिली. बाईही पाहत राहिल्या.

"यांचं भाषण आणि आपल्या ताटल्या," बाई म्हणाल्या, "यांतलं एक काहीतरी पुढच्या गुरुवारी बंद झालं पाहिजे. भाषणं तर चालूच राहणार."

त्यातून ताटांची कल्पना निघाली. प्रत्येकाने आपल्या माळ्यावरची स्टीलची ताटं, वाट्या, पेले उतरवून आणायचे आणि त्यांचा एक मोठा संच करायचा. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने तो फुकट न्यावा, घासून परत आणावा. म्हणजे थर्माकोल आणि प्लॅस्टिक तेवढं तरी वाचेल. पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये असा खणखणाट झाला की शाळेचा पहारेकरी धावत आला. प्रत्येक ताटावर काही ना काही कोरलेलं: अमक्याच्या मुंजीनिमित्त, तमक्याच्या लग्नात मामाकडून, गणपती मंडळाकडून संगीत खुर्चीचं दुसरं बक्षीस. माणसं एकमेकांची ताटं हातात घेऊन वाचत बसली. त्या दिवशी वक्त्याला कोणी बोलूच दिलं नाही. माझ्या घरी देण्याजोगी भांडी नव्हती. मी बाजारातून सहा ताटं विकत आणून दिली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "नवी आहेत. हरकत नाही, होतील जुनी."

सगळा संच डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ठेवला. सुरुवातीला कोणीच फिरकलं नाही. फुकट मिळतंय म्हटल्यावर लोकांना संशय आला असावा. मग शेजारच्या सोसायटीत कोणीतरी सत्यनारायणाला ताटं नेली, त्यांचं पाहून दुसऱ्यांनी डोहाळजेवणाला नेली, आणि बघता बघता असा रविवार उरला नाही की ताटं घरी आहेत. आणि मग ते झालं.

त्या गुरुवारी सभेला एक आजी आल्या होत्या. पांढरं, निळ्या काठाचं लुगडं, पाठ ताठ, बुटक्या बाकावरही खुर्चीत बसावं तशा बसलेल्या. त्या शाळेमागच्या गल्लीत राहत. मुलगा कारखान्यात कामाला होता. नातीचं बारसं येत्या रविवारी दुपारी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये होतं आणि त्यासाठी बाईंनी त्यांना ताटं कबूल केली होती. ती न्यायची कधी, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि अदबीने विचारलं, "आपण टेम्पो बघितलाय का? आपल्याला सकाळी लवकर हवीत का?"

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"कोन्या गावची वं तू?"

"अमरावतीची."

"मंग मले 'आपण-आपण' काहून करून राहिली?"

मला खुदकन हसू आलं. त्या अकोल्याकडच्या होत्या. लग्न होऊन पुण्यात येऊन जन्म गेला होता, पण बोली जशीच्या तशी. पुण्यात आल्यापासून मी 'काहून' बोलणं सोडूनच दिलं होतं. ऑफिसात एकदा तोंडून निघालं तर सगळे हसले होते.

एवढ्यात डॉक्टर आले. उशिरा, गाणं म्हणायच्या तयारीत. त्यांच्याबरोबर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ होते. डॉक्टरांनी ओळख करून दिली: हे वाघोलीचे, त्यांचे पेशंट. यांच्या मुलाचा साखरपुडा येत्या रविवारी संध्याकाळी. ताटं आपण यांना दिली आहेत.

सगळ्यांच्या माना डॉक्टरांकडे वळल्या.

"कोणी दिली?" बाईंनी विचारलं.

"मी. म्हणजे, दाढ काढताना हे काहीतरी बोलत होते. तोंड उघडं असल्यामुळे मला 'रविवार' एवढंच समजलं. मी हो म्हणालो. मला वाटलं, पुढची अपॉइंटमेंट मागतायत."

टोपीवाले गृहस्थ ओशाळले. "न्हाय, आमी बघतो की दुसरं कायतरी. आजींचं आदी ठरलंय, त्यान्ला द्या."

आजी म्हणाल्या, "आमचं दुपारी आहे. तुमचं संध्याकाळी. एकच ताट दोनदा वाढता येते. फक्त मधात घासाले मानसं पाहिजेत."

"घासणार कोण?" मागून कोणीतरी विचारलं.

बाईंनी मागे वळून पाहिलं. "आपण. सेवा करणारा क्लब आहे ना हा? का नुसता खिचडी खाणारा?"

रविवारी दुपारी आम्ही सगळे बारशाला गेलो. हॉलमध्ये तसबिरींपुढे मेणबत्त्या आणि फुलं, पुढे पाळणा. भन्तेजींनी वंदना घेतली, सगळे हात जोडून बसलो. मग बायकांनी पाळणा म्हटला आणि आत्याने बाळीच्या कानात नाव सांगितलं, तशी बाळीने अशी जांभई दिली की अख्खा हॉल हसला. जेवण झणझणीत: वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, बुंदी. डॉक्टरांनी तीनदा बुंदी घेतली. दात किडतात म्हणून दर गुरुवारी आम्हाला ते सांगत असतात, त्याची कोणी आठवण करून दिली नाही.

शेवटची पंगत उठली. आम्ही बाह्या सरसावून मागच्या अंगणात गेलो, ताटांचे ढीग नळापाशी लावले, नळ सोडला, आणि त्याने एक उसासा टाकला. बस्स, तेवढंच. वरची टाकी रिकामी झाली होती. हात धुण्यात आणि आचाऱ्यांच्या भांड्यांत पाणी संपून गेलं होतं. पाण्याच्या टँकरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत बघतो. गल्लीतल्या घरांत पिण्यापुरतं पाणी होतं, एवढी ताटं त्यात निघणं शक्यच नव्हतं. उष्ट्या ताटांचे ते ढीग, त्यांवर बसायला लागलेल्या माश्या, आणि वाघोलीला पंगत मांडायची वेळ जवळ येत चाललेली.

डॉक्टरांनी वाघोलीला फोन लावला. पलीकडून गृहस्थांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आवो डॉक्टर, त्यात काय एवढं! आपली हीर हाय की दारात. आना तशीच."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. ताटं टेम्पोत चढवायला सगळे वाकले. आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला जरा बाजूला नेलं.

"कार्याच्या घरी उष्टी भांडी नेनं बरं दिसंन का वं?" त्या हळूच म्हणाल्या. "आन् तेही आपली?"

'आपली' या शब्दावर त्या किंचित थांबल्या होत्या. त्या थांबण्याचा अर्थ मला समजला. बाई आमच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं.

"आजी, आपणही चला," त्या म्हणाल्या. "काही बोलणं झालंच तर ते माझ्याशी होईल."

आजी हसल्या. "बोलनं मले नवं नाही, बाई. चला. घाशीन माह्याच हातानं."

गल्लीतल्या दोघी बायका टेम्पोत ताटांबरोबर चढल्या. आम्ही डॉक्टरांच्या गाडीत. लोहगावमार्गे वाघोलीच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्याने टेम्पो पुढे आणि आम्ही मागे, आणि दर खड्ड्याला पुढून ताटांचा खणखणाट यायचा. आजी खिडकीबाहेर बघत होत्या. मला त्या घरचं काहीच माहीत नव्हतं. फोनवरच्या माणसाचा सूर मोकळा होता, पण कार्याच्या घरात शब्द एकट्या यजमानाचा चालत नाही, हे अमरावतीतही खरं आहे आणि वाघोलीतही.

चहूबाजूंनी उंच इमारती आणि मधोमध ते बैठं घर. दारात मांडव, एका बाजूला चुलाण, आणि मागे खरोखरच दगडी बांधणीची विहीर. टेम्पो थांबला तशी नवरदेवाची आई बाहेर आली. जरीचं लुगडं, हातभर बांगड्या, कपाळावर घाम. तिने टेम्पोकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं, उतरणाऱ्या बायकांकडे पाहिलं, आणि मग आजींकडे.

"कुनाचं कार्य होतं?" तिने विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं होतं, पण आजी आधी बोलल्या. स्पष्ट आणि सावकाश. "माह्या नातीचं बारसं. आमच्या विहारात."

तिने कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"पोरगी झाली व्हय?" नवरदेवाची आई म्हणाली. "नाव काय ठिवलं?"

आजींनी नाव सांगितलं.

"ग्वाड हाय." तिने पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि विहिरीकाठच्या दगडावर बैठक मारून पहिलं ताट पुढ्यात ओढलं. "मोटार चालू करा रं कुनीतरी! आन् चुलीतली राख आना."

आजी घाईने पुढे झाल्या. "तुमी काहून बसता? तुमच्या घरी आज कार्य."

"माझ्या दारात पाव्हनी भांडी घासनार आन् मी बगत हुबी ऱ्हाऊ? उद्या सून काय म्हनंल मला?"

"सून तर अजून आली नाही."

"म्हनून तर आजच घासून घेते!"

आजी हसता हसता दगडावर टेकल्या. दोघी समोरासमोर बसल्या आणि जणू पैज लागल्यासारखी ताटं घासू लागल्या. मी विसळायला बसले. नव्या कुर्त्याची वाट लागली. डॉक्टर पुसायला. ते प्रत्येक ताट उजेडाकडे धरून, मान तिरकी करून, दात तपासावा तसे पाहत. त्यांच्यापुढे बाई तपासणीला, कंबरेवर हात ठेवून उभ्या. काठावर राखेचा कण दिसला की ताट परत. "परत. हेही परत. डॉक्टर, हे आपण पुसलंय का नुसतं कुरवाळलंय?"

विहिरीकाठी पार गलका झाला. वाघोलीच्या घरच्या आणखी बायका येऊन बसल्या. बारशाला काय केलं होतं, बुंदीचा पाक कसा साधला, बाळंतिणीला दूध येतं ना, एकीकडे राख आणि एकीकडे गप्पा. आजींनी आपल्या बोलीत काही म्हटलं की त्या बायका हसत आणि त्यांनी आपल्या बोलीत उत्तर दिलं की आजी हसत.

आमची निम्मी ताटं व्हायची होती आणि मुलीकडची मंडळी आली. वेळेच्या आधी! नवरीचे वडील फेटा बांधून पुढे, मागे वीसेक माणसं. त्यांना यजमान कोण, पाहुणे कोण, काही उमगेना, कारण नवरदेवाची आई राखेने माखलेली आणि ताठ उभ्या होत्या फक्त बाई. फेटेवाले सरळ बाईंसमोर गेले आणि वाकून नमस्कार केला. ही नवरदेवाची मोठी आत्या असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"आत्याबाई, मुहूर्त किती वाजताचा धरायचा?"

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "ताटं झाली की."

"बरं, बरं," म्हणून सगळी मंडळी मांडवात जाऊन मुकाट्याने बसली.

साखरपुडा झाला. पंगत बसली, आणि नवरदेवाच्या आईने लुगडं बदलून येऊन आजींना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं, आपल्या सासूच्या शेजारी. त्यांना वाढायलाही तीच होती. आजी 'पुरे पुरे' म्हणत राहिल्या आणि ती वाढत राहिली. निघताना तिने त्यांच्या हातात कार्यातल्या साखरेची पुडी ठेवली. "बाळीच्या तोंडाला लावा. म्हनावं, वाघोलीच्या आजीनं दिली."

परतीच्या वाटेवर आजी पुडी मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी वक्ता कोण, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "आजी." आजींनी फार आढेवेढे घेतले. मले भाषण येत नाही, मी काय सांगू. शेवटी त्या बाकावर बसूनच बोलल्या. त्यांच्या लहानपणी गावात कोणाकडे कार्य निघालं की गावकीची मोठी भांडी मिळायची, पण त्यांच्या वस्तीला कोणी देत नसे. त्यांचं स्वतःचं लग्न पळसाच्या पानांच्या पत्रावळींवर झालं. वडील रात्रभर पत्रावळी टाचत बसले होते. "पत्रावळीवर जेवन गोडच लागते," त्या म्हणाल्या. "पन बाबाची बोटं सोलून निघाली होती. म्हनून त्या बाईनं आमचं ताट पुढ्यात ओढलं, तवा मले लई बरं वाटलं. दुसरं काही सांगाचं नाही."

डॉक्टर चष्मा पुसत होते. बाई उठून उभ्या राहिल्या.

"आजी, येत्या गुरुवारपासून आपण सभासद. आणि ताटांचं सगळं आपण बघायचं."

"मंग ती त्या दातवाल्याच्या खोलीतून माह्या घरी आना," आजी लगेच म्हणाल्या. "तिथं त्याईले औषधाचा वास लागते."

शनिवारी संध्याकाळी आम्ही ताटं आजींकडे हलवली. दवाखाना ते गल्ली, अंतर थोडंच, म्हणून टेम्पो न करता हातांहातांत. माझ्या हातात माझीच सहा ताटं आली. एव्हाना त्यांच्यावर चांगले ओरखडे उठले होते. गल्लीत लोक दारांत येऊन विचारू लागले, कोणाचं काय आहे? आजी प्रत्येकाला सांगत होत्या, "कोनाचं काही नाही. तुमचं असंन तवा सांगा."

सगळे चहा पिऊन गेले. मला आजींनी जेवायला थांबवून घेतलं. सुनेने ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि मी कधीची न खाल्लेली, तिखटजाळ, लसणाची फोडणी दिलेली आंबाडीची भाजी ताटात पडली. ऑफिसचा फोन दोनदा थरथरला, मी तो पालथा ठेवला. जेवण झाल्यावर आजींनी बाळीला माझ्या मांडीवर दिलं. मला तान्ही मुलं घ्यायची सवय नाही. मी अवघडून बसले. तिने टकामका माझ्याकडे पाहिलं, मूठ हलवली आणि माझा कुर्ता गरम गरम ओला केला.

मी दचकून वर पाहिलं. आजी पोट धरधरून हसत होत्या.

"झाली ओळख," त्या म्हणाल्या. "आता येत जाय."